मंजूर पदे आणि खाटेजवळची माणसे

सन २०२३ च्या ऑक्टोबर महिन्याच्या आरंभी नांदेड येथील डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात चोवीस तासांच्या अवधीत २४ रुग्ण दगावल्याची व त्यांत १२ नवजात अर्भके असल्याची वार्ता आली. तत्पूर्वी ऑगस्टमध्ये कळव्याच्या सार्वजनिक रुग्णालयातून तशीच वार्ता आली होती, नांदेडपाठोपाठ छत्रपती संभाजीनगरच्या रुग्णालयातूनही आली, आणि महाराष्ट्रभर जो शोक व संताप व्यक्त झाला तो सर्वथा स्वाभाविक होता. मुंबई उच्च न्यायालयाने या घटनांची स्वतःहून दखल घेऊन शासनाकडे रिक्त पदांचा व आर्थिक तरतुदींचा तपशील मागितला. न्यायालयाची दृष्टी योग्य ठिकाणी गेली, असे मला वाटते. परंतु लोकचर्चेत मात्र सरकारी रुग्णालयांविषयीचे काही जुने समज पुन्हा ठामपणे सांगितले गेले, आणि ते दूर झाल्यावाचून या प्रश्नाचे खरे स्वरूप कळणे शक्य नाही.

पहिला समज असा की, जेथे मृत्यू अधिक तेथे उपचार वाईट. रुग्णालयांच्या मृत्युसंख्येवरून निष्कर्ष काढणे किती कठीण आहे, याचा धडा एकोणिसाव्या शतकातील लंडनमध्येच मिळालेला आहे. १८६१ च्या शिरगणतीच्या दिवशी तेथील २४ रुग्णालयांत जितके रुग्ण दाखल होते, तितक्या संख्येने वर्षभरातील मृत्यूंना भागून काढलेले प्रमाण ९० टक्क्यांहून अधिक भरले, आणि फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी ते आपल्या ‘नोट्स ऑन हॉस्पिटल्स’ या ग्रंथाच्या १८६३ च्या आवृत्तीत छापले, तेव्हा वैद्यकवर्गात मोठा वाद माजला. कारण वर्षभरात दाखल झालेल्या एकूण रुग्णांच्या संख्येने भागले असता तेच प्रमाण दहा टक्क्यांच्या आसपास येत होते. भाजक कोणता घेतला, यावर निष्कर्ष इतका पालटतो. आपल्याकडील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयाची स्थिती याहून गुंतागुंतीची असते. नांदेडला हिंगोली, परभणी व यवतमाळ या जिल्ह्यांतून, तसेच सीमेपलीकडील तेलंगणातूनही रुग्ण येतात. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयातून ‘रेफर’ केलेले येतात, आणि खाजगी रुग्णालयात नातेवाइकांजवळचा पैसा संपल्यावर अखेरच्या अवस्थेत हलविलेलेही येतात. अशा रुग्णास परत पाठविण्याची मुभा शासकीय रुग्णालयास नाही. मृत्यूची जागा एका दफ्तरात नोंदली जाते, परंतु त्याची कारणे अनेक गावांतून, अनेक दिवस आधीपासून गोळा होत आलेली असतात. म्हणून रोगाची तीव्रता, वय आणि दाखल होण्यास झालेला विलंब विचारात घेतल्यावाचून दोन रुग्णालयांची तुलना करणे न्याय्य नव्हे, आणि एका दिवसाचा आकडा नित्याच्या दिवसांच्या आकड्यांशेजारी ठेवल्यावाचून त्याचा अर्थ लावणेही नव्हे.

हे समर्थन म्हणून मी लिहीत नाही. रुग्ण गंभीर अवस्थेत येतात एवढ्यावर सर्व मृत्यू अटळ ठरविणारे अधिकारी मला त्या पहिल्या समजाइतकेच चुकीचे वाटतात. टाळता येण्याजोगे मृत्यू होतातच, आणि ते कोठे होतात हे पाहण्यासाठी वॉर्डात जावे लागते. कारण कमतरता डॉक्टरांची आहे एवढेच सामान्यतः बोलले जाते आणि परिचारिकांचा हिशेब कोणी मांडत नाही. हा दुसरा समज, आणि माझ्या मते सर्वांत घातक.

भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषाप्रमाणे वैद्यकीय महाविद्यालयाशी संलग्न रुग्णालयाच्या सामान्य वॉर्डात तीन खाटांमागे एक परिचारिका असावी. हे वाचून पुष्कळांची कल्पना अशी होते की, एका सिस्टरकडे तीनच रुग्ण असतात. वास्तविक हे प्रमाण तिन्ही पाळ्या मिळून आहे. प्रत्येक पाळीपुरते ते नऊ खाटांमागे एक असे होते, आणि रजेच्या दिवसांसाठी त्यावर ३० टक्के जादा पदे धरावयाची असतात. तीस खाटांच्या वॉर्डाचा हिशेब करून पाहू. तिसास तीनने भागून दहा, अधिक ३० टक्के, म्हणजे तेरा पदे. वर्षाच्या ३६५ दिवसांतून ५२ साप्ताहिक सुट्या, सुमारे ३० अर्जित रजा, ८ नैमित्तिक रजा आणि सणावारांच्या वीसएक सुट्या वजा करता एक परिचारिका २५५ दिवस कामावर असते; त्यामुळे तेरा पदांतून कोणत्याही एका दिवशी नऊ जणी आणि कोणत्याही एका पाळीत तीन जणी उपलब्ध होतात. सर्व पदे भरलेली असतील, कोणी प्रसूतिरजेवर नसेल, कोणाची प्रतिनियुक्ती झालेली नसेल आणि खाटा तीसच राहतील, तर निकषाच्या जेमतेम जवळ जाता येते.

आता भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्यव्यवस्थेविषयी २०२४ मध्ये सादर केलेला अहवाल पाहावा. त्यात परिचारिकांच्या पदांपैकी सुमारे ३५ टक्के पदे रिक्त असल्याचे नमूद आहे. तेरांतून एक तृतीयांश पदे गेली की नऊ उरतात, आणि वरच्याच हिशेबाने प्रत्येक पाळीस दोन येतात. सकाळी तपासणीफेरी, औषधवाटप व शस्त्रक्रियेची तयारी यांसाठी अधिक हात लागत असल्याने रात्रपाळीस बहुधा एकच उरते. इकडे वॉर्डातील खाटा भरून जमिनीवर गाद्या अंथरलेल्या असतात. पदांचा आकृतिबंध मंजूर करताना खाटा मोजल्या जातात, गाद्या मोजल्या जात नाहीत.

याचा परिणाम रुग्णाच्या जिवावर होतो, हे निव्वळ अनुमान नाही. लिंडा एकेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी पेनसिल्व्हेनियातील १६८ रुग्णालयांचा अभ्यास करून २००२ मध्ये असे दाखविले की, शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या बाबतीत परिचारिकेकडील प्रत्येक वाढीव रुग्णागणिक तीस दिवसांत मृत्यू येण्याची शक्यता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते. पुढे युरोपातील नऊ देशांच्या अभ्यासातूनही जवळपास हेच प्रमाण निघाले. यामागील कार्यकारणभाव समजण्यास कठीण नाही. डॉक्टर फेरी करून जातो. त्यानंतर रक्तदाब उतरू लागला, श्वास जलद झाला, लघवी कमी झाली, ही बिघाडाची पहिली चिन्हे टिपणारी व्यक्ती परिचारिकाच असते, आणि तिला पन्नास रुग्ण पाहावयाचे असतील तर ती चिन्हे उशिरा टिपली जातात. नवजात शिशूंच्या अतिदक्षता कक्षात तर हे अधिकच खरे आहे. कमी वजनाच्या अर्भकाची प्रतिकारशक्ती अत्यल्प असते. एका बाळाकडून दुसऱ्याकडे जाताना प्रत्येक वेळी हात धुणे हा तेथील मुख्य उपचार म्हटला तरी चालेल. एका वॉर्मरवर दोन बाळे ठेवावी लागली आणि एकाच सिस्टरला डझनभर बाळांचे दूध, सलाईन, तापमान व नोंदवही सांभाळावी लागली की, हात धुण्याचा अवधीच हिरावला जातो आणि जंतुसंसर्ग पसरतो. अशा मृत्यूच्या दाखल्यावर कारण म्हणून जंतुदोष लिहिला जातो. रिक्त पद तेथे लिहिण्याची सोय नाही.

नवी इमारत, नवी यंत्रे आली की रुग्णालय सुधारले, हा तिसरा समज थोडक्यात सांगण्याजोगा आहे. २०१५ मध्ये राष्ट्रीय आरोग्य अभियानाने वैद्यकीय उपकरणांच्या देखभालीचा कार्यक्रम हाती घेतला, तेव्हा निरनिराळ्या राज्यांत १३ ते ३४ टक्के उपकरणे नादुरुस्त आढळली होती. यंत्र खरेदी करण्यास एकदा मंजुरी लागते. ते चालविणारा तंत्रज्ञ, अहवाल वाचणारा क्ष-किरणतज्ज्ञ आणि देखभालीचा करार यांसाठी दरवर्षी तरतूद लागते, आणि उद्घाटनाच्या फलकावर तिचा उल्लेख नसतो.

पैसा वाढविला की सर्व ठीक होईल, हा समज याहून प्रतिष्ठित आहे. पैसा कमी आहे हे खरेच: २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत शासकीय आरोग्यखर्च सकल देशांतर्गत उत्पादनाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचे ठरविले होते, आणि २०२१-२२ च्या राष्ट्रीय आरोग्य लेख्यांत तो १.८४ टक्के होता. तथापि पैसा खाटेपर्यंत कसा पोहोचतो, हे तितकेच महत्त्वाचे. तामिळनाडूने १९९४ मध्ये औषधखरेदीसाठी स्वतंत्र महामंडळ स्थापन केले, जिल्ह्याजिल्ह्यांत गोदामे बांधली, प्रत्येक तुकडीची गुणवत्ता तपासण्याचा शिरस्ता घातला आणि प्रत्येक रुग्णालयास एक पासबुक दिले, ज्यातील शिल्लक पाहून वैद्यकीय अधिकारी आपल्या गरजेप्रमाणे औषधे उचलतो. महाराष्ट्राने २०१७ मध्ये खरेदीचे काम हाफकिन महामंडळाकडे सोपविले. मागणी, निविदा व पुरवठा यांत इतका विलंब होऊ लागला की २०२३ मध्ये स्वतंत्र खरेदी प्राधिकरणाचा कायदा करावा लागला. दरम्यान औषधे बाहेरून आणण्याची चिठ्ठी नातेवाइकांच्या हाती पडत राहिली. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत, प्रसूती वगळता, सरकारी रुग्णालयात दाखल झालेल्या रुग्णाचा सरासरी खर्च ४,४५२ रुपये व खाजगीत ३१,८४५ रुपये आढळला. अंतर मोठे आहे, पण मजुरी बुडवून आलेल्या कुटुंबाला ते साडेचार हजारही लहान नसतात.

राहिला सर्वांत लोकप्रिय समज: सरकारी नोकर काम करीत नाहीत. यात तथ्याचा अंश आहे, आणि तो नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. राजस्थानातील उदयपूर जिल्ह्यात अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो व रेचल ग्लेनर्स्टर यांनी ‘सेवा मंदिर’ या संस्थेच्या साहाय्याने ग्रामीण परिचारिकांच्या उपस्थितीची यंत्राने नोंद ठेवून गैरहजेरीबद्दल वेतन कापण्याची योजना अभ्यासली. पहिल्या काही महिन्यांत नोंदीच्या दिवशीची हजेरी जवळपास दुप्पट झाली. सोळा महिन्यांनंतर मात्र देखरेख असलेली व नसलेली केंद्रे सारखीच झाली, कारण आरोग्यखात्यानेच सूट दिलेल्या दिवसांची संख्या वाढवीत नेली होती. शिस्त ही यंत्राने लागत नाही, खात्याच्या इच्छेने लागते, एवढे त्यातून दिसले. पण ज्या वॉर्डात एक तृतीयांश जागा मुळात भरलेल्याच नाहीत, तेथे उपस्थित असलेल्या सिस्टरच्या चिडचिडीला आळस म्हणणे हा तिच्यावर अन्याय आहे.

अपुऱ्या पदांवर रुग्णालय चालविणे हा केवळ आपल्या स्वभावाचा दोष, असेही कोणी समजू नये. इंग्लंडमधील मिड स्टॅफर्डशायरच्या रुग्णालयात खर्च वाचविण्यासाठी पदे कमी केल्यानंतर रुग्णांचे जे हाल झाले, त्यांची रॉबर्ट फ्रान्सिस यांनी चौकशी करून २०१३ मध्ये विस्तृत अहवाल दिला. त्यानंतर २०१४ पासून तेथील सार्वजनिक रुग्णालयांना, प्रत्येक पाळीत किती परिचारिका अपेक्षित होत्या व प्रत्यक्षात किती आल्या, हे वॉर्डाच्या दर्शनी भागी लिहून ठेवणे भाग पडले. आपल्या जिल्हा रुग्णालयांत आणि वैद्यकीय महाविद्यालयांत प्रत्येक वॉर्डाबाहेर मंजूर पदे, भरलेली पदे, आजच्या पाळीतील परिचारिका आणि दाखल रुग्ण हे चार आकडे रोज लिहिले जावेत, आणि अभ्यागत समितीने व लोकप्रतिनिधींनी पाहणीस येताना अधिष्ठात्यांच्या दालनात जाण्याआधी ते वाचावेत, अशी माझी आग्रहाची मागणी आहे.