105 मिनिटांवरून 20 मिनिटांवर: पक्षाघाताच्या उपचारातून शिकूया स्टाफ ट्रेनिंग



धरून चाला, लालबागच्या मिरची गल्लीत तुमचं मसाल्याचं छोटंसं दुकान आहे. एप्रिल महिना, वर्षभराचा मसाला करून ठेवायचा सीझन. सकाळपासून गिऱ्हाईक हटत नाहीये. दुपारी तीनच्या सुमाराला गल्ल्यावर सुट्टे पैसे मोजता मोजता तुमच्या उजव्या हातातून नाणी निसटतात. कामावरचा मुलगा विचारतो, "शेठ, काय होतंय?" तुम्ही उत्तर देता, पण जीभ जड झालेली, तोंड एका बाजूला ओढलेलं.

आता मला सांगा, दुकानातली चार माणसं काय करतील?

आपण सगळ्यांनी हे कुठे ना कुठे पाहिलंय. एक जण पाणी पाजतो, दुसरा कांदा हुंगायला देतो, तिसरा हाताला तेल चोळतो. चौथा म्हणतो, "उन्हाने झालं असेल, जरा आडवे व्हा." मग घरी फोन. वहिनी डोंबिवलीहून निघतात आणि त्या येईपर्यंत सगळे थांबून राहतात. दोन तास गेले! परळचं केईएम रुग्णालय तिथून चालत वीस-पंचवीस मिनिटांवर असूनसुद्धा.

हे दोन तास किती महाग पडतात?

याला पक्षाघात म्हणतात, कोणी लकवा म्हणतं, डॉक्टर मंडळी हल्ली 'ब्रेन अटॅक' म्हणतात. बहुतेक वेळा मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीत गुठळी अडकते. काही वेळा रक्तवाहिनी फुटते. अमेरिकेतले न्यूरोलॉजिस्ट जेफ्री सेव्हर यांनी 2006 मध्ये हिशोब मांडला की मोठी रक्तवाहिनी बंद पडली आणि उपचार झाले नाहीत, तर दर मिनिटाला मेंदूच्या सुमारे 19 लाख पेशी मरतात.

गुठळी विरघळवणारं इंजेक्शन आहे, पण ते त्रास सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. त्यातही जितकं लवकर, तितका फायदा जास्त. शिवाय ते थेट टोचता येत नाही. आधी सीटी स्कॅन करून रक्तस्राव नाही ना, हे बघावं लागतं. रक्तस्राव असताना हेच इंजेक्शन दिलं तर जिवावर बेतेल.

"हे म्हाताऱ्या माणसांचं दुखणं, आपल्याला काय?" असं वाटतंय का? मुंबईतच 2005-06 मध्ये डॉ. पी. एम. दलाल आणि सहकाऱ्यांनी वांद्रे-खार भागात पाहणी केली होती. वर्षाला दर लाख लोकांमागे साधारण 145 जणांना पहिल्यांदाच पक्षाघात झाल्याचं दिसलं. त्यातले दहापैकी जवळपास तीन जण 28 दिवसांच्या आत गेले. जे वाचतात त्यांच्यापैकी अनेकांचा हात, पाय किंवा वाचा पहिल्यासारखी राहत नाही. छोट्या धंद्यात मालकाचा हात म्हणजेच धंद्याचा हात, हे मी वेगळं सांगायला नको.

रुग्णालयाच्या गेटच्या आत काय होतं?

समजा, तुम्हाला वेळेत गेटपर्यंत आणलं. काम संपलं का? नाही. केसपेपर, अपघात विभागातली तपासणी, रक्ताचा नमुना, स्ट्रेचर ढकलायला माणूस, स्कॅनची रांग, स्कॅन वाचणारा डॉक्टर, मग इंजेक्शन आणायला धावाधाव. प्रत्येक जण आपापलं काम नीटच करतो, पण एकाचं संपल्यावर दुसऱ्याचं सुरू होतं. गेटपासून सुईपर्यंत तास-दीड तास असाच निघून जातो.

फिनलंडमधल्या हेलसिंकीच्या विद्यापीठ रुग्णालयात 1998 मध्ये हीच परिस्थिती होती. गेटपासून सुईपर्यंत साधारण 105 मिनिटं लागायची. 2011 पर्यंत ती 20 मिनिटांवर आली. औषध तेच होतं. मग बदललं काय?

- ॲम्ब्युलन्सवाल्यांना पक्षाघात ओळखायला आणि निघतानाच रुग्णालयाला फोन करायला शिकवलं.
- रुग्ण पोहोचायच्या आत त्याची माहिती काढून तपासण्यांची ऑर्डर तयार ठेवली.
- रुग्णाला वॉर्डात न नेता ॲम्ब्युलन्सच्या स्ट्रेचरवरूनच थेट स्कॅनच्या टेबलावर नेलं.
- औषध आधीच तयार ठेवून तिथेच, त्याच टेबलावर द्यायला सुरुवात केली.

अशा बारा छोट्या सुधारणा त्यांनी वर्षानुवर्षं, एकेक करून केल्या. आणि दर वेळी मिनिटं मोजली.

पुढे ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या एका रुग्णालयाने त्यातल्या तीन गोष्टी उचलल्या. चार महिन्यांत कामाच्या वेळेतला आकडा 43 मिनिटांवरून 25 वर आला. पण रात्री आणि सुट्टीच्या दिवशी फारसा फरक पडला नाही! कारण ती खास टीम दिवसाच हजर असायची.

मित्रांनो, इथे जरा थांबा आणि आपल्या धंद्याकडे बघा. तुम्ही दुकानात असता तेव्हा सगळं सुरळीत चालतं. तुम्ही गावी गेलात की तक्रारी सुरू होतात. याचा अर्थ पद्धत अजून तुमच्याच डोक्यात आहे, स्टाफच्या हातात उतरलेली नाही.

नर्सच्या हातातला आकडा

आता मला सगळ्यात भावलेलं उदाहरण. ऑस्ट्रेलियातल्याच न्यू साउथ वेल्स राज्यात 19 स्ट्रोक युनिटमध्ये एक प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष 2011 मध्ये प्रसिद्ध झाले. काही युनिटमधल्या नर्सेसना तीन साध्या गोष्टी शिकवल्या: ताप बघा आणि लगेच उतरवा, साखर बघा आणि आटोक्यात ठेवा, आणि रुग्णाला नीट गिळता येतंय का हे तपासल्याशिवाय तोंडातून काहीही देऊ नका. त्यासोबत कार्यशाळा घेतल्या, अडचणी कुठे येतात हे नर्सेसनाच विचारलं, आणि पुन्हा पुन्हा आठवण करून दिली.

तीन महिन्यांनी मोजलं. नेहमीच्या पद्धतीने चाललेल्या युनिटमध्ये 58 टक्के रुग्ण दगावले होते किंवा दुसऱ्यावर अवलंबून होते. शिकवलेल्या युनिटमध्ये हे प्रमाण 42 टक्के होतं. थर्मामीटर, साखरेची पट्टी आणि गिळण्याची तपासणी, एवढ्यावर शंभरातल्या सोळा जणांच्या आयुष्यात फरक पडला.

आपण काय करतो? स्टाफला काम सांगतो आणि त्यालाच ट्रेनिंग समजतो. "सांगितलं होतं ना तुला?" हे वाक्य तुमच्या तोंडी आठवड्यातून किती वेळा येतं, ते प्रामाणिकपणे मोजा. नर्सेसना नुसतं सांगून भागलं नव्हतं. गोष्टी तीनच ठेवल्या, त्या का करायच्या ते समजावलं आणि मग झाल्या की नाही ते तपासलं.

"पण आपली माणसं शिकत नाहीत हो," असं म्हणणाऱ्यांसाठी परळमधलीच एक गोष्ट. केईएम आणि त्याचं सेठ गोर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय 1926 मध्ये सुरू झालं. तेव्हा सरकारी वैद्यकीय कॉलेजांमधल्या वरच्या जागा बहुतेक इंग्रजांकडे असायच्या. देणगी देणाऱ्या विश्वस्तांनी अट घातली की इथे शिकवणारे आणि काम करणारे भारतीयच असतील. त्या अटीवर उभं राहिलेलं केईएम आज मुंबईतल्या सगळ्यात मोठ्या रुग्णालयांपैकी एक आहे.

या आठवड्याचा गृहपाठ

रविवारी किंवा सोमवारी दुकान उघडायच्या आधी अर्धा तास काढा. चहा मागवा आणि स्टाफला एवढंच शिकवा:

1. ओळखणं. हसायला सांगा: तोंड वाकडं होतंय? दोन्ही हात वर करायला सांगा: एक खाली येतोय? एक वाक्य बोलायला सांगा: शब्द अडखळतायत? अचानक तोल जाणं किंवा दिसेनासं होणं हीही लक्षणं आहेत. यातलं एक जरी दिसलं तरी थांबायचं नाही.
2. वेळ लिहिणं. माणूस शेवटचा ठणठणीत कधी दिसला, ती वेळ कागदावर लिहा. डॉक्टर हाच प्रश्न आधी विचारतात.
3. फोन. 108 ला फोन करा आणि "पक्षाघाताचा संशय आहे" हे स्पष्ट सांगा. ही सेवा महाराष्ट्रात 2014 पासून मोफत आहे. घरच्यांना सरळ रुग्णालयात बोलवा, दुकानात नको.
4. काय करायचं नाही. पाणी नाही, चहा नाही, गोळी नाही. गिळता येत नसेल तर ते श्वासनलिकेत जाईल. ॲस्पिरिनही नको, कारण रक्तस्राव आहे की गुठळी, हे स्कॅनशिवाय कळत नाही.
5. आधी ठरवणं. जवळच्या कोणत्या रुग्णालयात चोवीस तास सीटी स्कॅन आणि हे इंजेक्शन मिळतं, ते आजच चौकशी करून नंबरासकट गल्ल्याच्या मागे चिकटवा. लालबागकरांनो, गणपतीच्या दहा दिवसांत रस्ते बंद असतात, तेव्हाचा वेगळा रस्ताही लिहून ठेवा. सोबत स्वतःची औषधं लिहा, विशेषतः रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर. आणि हो, बीपी शेवटचं कधी तपासलं होतं?

मग एक रंगीत तालीम करा. तुम्ही खुर्चीत बसा, गप्प राहा आणि घड्याळ लावा. फोन लागेपर्यंत किती मिनिटं गेली ते लिहून ठेवा. पुढच्या महिन्यात पुन्हा करा, पण या वेळी तुम्ही दुकानात नसताना, दुसऱ्या कोणाला खुर्चीत बसवून.

हेच पुढे ऑर्डर घेण्याला, पॅकिंगला, उधारीच्या वसुलीला लावा. पायऱ्या लिहा, माणसं शिकवा, वेळ मोजा. पण सुरुवात या तालमीपासून करा, कारण ऑर्डर चुकली तर गिऱ्हाईक परत आणता येतं.

पहिल्या तालमीत किती मिनिटं लागली ते मला नक्की कळवा. भेटूया पुढच्या व्हिडिओत!