फुप्फुसात बुरशी निघाली म्हणजे प्रत्यारोपण रद्द असं नाही. पण ताप अंगावर काढू नका!

ब्लड कॅन्सरच्या रुग्णाला डॉक्टरांनी स्टेम सेल (बोन मॅरो) प्रत्यारोपण सांगितलं, पैशांची जुळवाजुळव झाली आणि ऐनवेळी फुप्फुसात इन्फेक्शन निघालं. अशा वेळी घरच्यांचा धीर सुटतो. पण हे इन्फेक्शन आटोक्यात आणून पुढे प्रत्यारोपण करता येतं.

इन्फेक्शन का होतं?
आजाराने आणि केमोने रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटतात. त्यातल्या न्यूट्रोफिल पेशी ५०० च्या खाली गेल्या की धोका फार वाढतो. ॲस्परजिलस ही बुरशी माती, शेणखत, बुरसटलेला कडबा, जुन्या भिंतींची धूळ यात असतेच. आपल्याला तिचं काही होत नाही. या रुग्णाच्या मात्र ती फुप्फुसात घर करते.

ताप १००.४ म्हणजे इमर्जन्सी
ताप १००.४ फॅरनहाइट झाला की तासाभरात दवाखाना गाठा. डॉक्टरांना न विचारता तापाची गोळी घेऊ नका, ताप झाकला जातो. एक्स-रे साफ आला म्हणून निर्धास्त राहू नका. पेशी कमी असताना डाग उशिरा दिसतो, म्हणून सीटी स्कॅन करतात. गरज पडल्यास दुर्बिणीने फुप्फुसातलं पाणी तपासतात.

टीबी समजून औषध नको
खोकला म्हटलं की आपल्याकडे आधी टीबीची शंका येते. टीबी असूही शकतो, पण तपासणी करूनच ठरवा. टीबीवरचं रिफाम्पिसिन चालू असेल तर बुरशीवरचं व्होरिकोनाझोल जवळपास निकामी होतं. कुठल्या गोळ्या चालू आहेत, ते डॉक्टरांना सांगाच.

प्रत्यारोपण कधी?
बुरशीचे उपचार किमान ६ ते १२ आठवडे चालतात. मात्र फुप्फुस पूर्ण साफ व्हायची वाट बघत बसलं तर कॅन्सर उलटू शकतो. म्हणून सीटीत सुधारणा दिसली की डॉक्टर दोन्ही धोके तोलून तारीख ठरवतात. प्रत्यारोपणाच्या काळातही बुरशीचं औषध चालूच ठेवतात. बरं वाटतंय म्हणून ते मधेच सोडू नका.

घरी एवढं पाळा
- गोठा, उकिरडा, मळणी आणि बांधकामापासून रुग्णाला लांब ठेवा.
- चुलीचा धूर, विडी-सिगारेट बंद.
- सर्दी-खोकला झालेल्यांनी भेटायला जाऊ नये. पाहुण्यांना तसं स्पष्ट सांगा, राग आला तरी चालेल.
- घरात थर्मामीटर आणि रात्री-अपरात्री मिळेल अशा गाडीवाल्याचा नंबर हवाच.