बिझनेस क्लासचे भाडे एवढे का? लखनौच्या प्रवाशाचा हिशेब

लखनौच्या चौधरी चरणसिंह आंतरराष्ट्रीय विमानतळावरून दुबई, मस्कत, रियाध यांसारख्या आखाती शहरांकडे थेट विमाने जातात. लंडन, न्यूयॉर्क किंवा सॅन फ्रान्सिस्कोला निघालेल्या प्रवाशाला मात्र दिल्ली, मुंबई अथवा आखातातील एखाद्या विमानतळावर विमान बदलावे लागते. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मुलाकडे जाणाऱ्या सत्तरीतील आईवडिलांसाठी हा प्रवास घर सोडल्यापासून मुक्कामी पोहोचेपर्यंत सहज चोवीस तासांचा होतो. गुडघे दुखतात, पायांना सूज येते, झोप लागत नाही. त्यामुळे पाय पसरून झोपता येईल अशा आसनाची चौकशी होते आणि भाड्याचा आकडा ऐकून बहुतेक कुटुंबे माघार घेतात.

लांब पल्ल्याच्या उड्डाणांत बिझनेस क्लासचे भाडे इकॉनॉमी वर्गाच्या साधारणतः तिप्पट ते पाचपट असते. त्यातच २२ सप्टेंबर २०२५ पासून इकॉनॉमीच्या वरील सर्व वर्गांच्या तिकिटांवरील वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून १८ टक्के करण्यात आला. इकॉनॉमीवरील कर मात्र पूर्वीप्रमाणे ५ टक्केच राहिला. एकाच विमानातून, एकाच वेळी, एकाच ठिकाणी पोहोचणाऱ्या दोन प्रवाशांच्या भाड्यात एवढे अंतर का असते, हा प्रश्न म्हणूनच स्वाभाविक आहे.

जागेचे गणित

या प्रश्नाचे पहिले उत्तर विमानाच्या जमिनीवर मिळते. एअर इंडियाच्या एअरबस ए३५०-९०० विमानात बिझनेस वर्गाची २८, प्रीमियम इकॉनॉमीची २४ आणि इकॉनॉमीची २६४, अशी एकूण ३१६ आसने आहेत. इकॉनॉमीत एका रांगेत नऊ प्रवासी बसतात. बिझनेस क्लासमध्ये तेवढ्याच रुंदीत केवळ चार. शिवाय आसनाचा सपाट पलंग व्हावयाचा असल्याने प्रत्येक रांगेला लांबीही अधिक लागते. रुंदी आणि लांबी दोन्ही विचारात घेता बिझनेस क्लासमधील एक प्रवासी इकॉनॉमीतील तीन ते चार प्रवाशांची जागा व्यापतो.

विमान कंपनीच्या दृष्टीने इंधन, वैमानिकांचे वेतन, विमानाचे भाडे, विमानतळाचे शुल्क हा सारा खर्च त्या जमिनीवर वाटला जातो. जागतिक बँकेने २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासातही बिझनेस क्लासमधील प्रवाशाच्या वाट्याला येणारे कर्ब उत्सर्जन इकॉनॉमीच्या सुमारे तिप्पट असल्याचे दिसून आले होते. उत्सर्जन इंधनातून होते, हे लक्षात घेतले म्हणजे तिपटीचा हा हिशेब पैशालाही जवळपास तसाच लागू पडतो.

आसन हीदेखील स्वस्त वस्तू राहिलेली नाही. मोटारी, पडदे, दरवाजे असलेली ही यंत्रे विमानात बसवण्यापूर्वी सुरक्षाविषयक चाचण्यांतून जावी लागतात आणि ती तयार करणारे कारखाने जगात मोजकेच आहेत. एअर इंडियाने जुन्या विमानांच्या अंतर्भागाच्या नूतनीकरणासाठी डिसेंबर २०२२ मध्ये ४० कोटी डॉलरचा कार्यक्रम जाहीर केला. आसनांचा पुरवठा वेळेवर न झाल्याने तो लांबणीवर पडला. बोईंग ७८७ जातीचे पहिले जुने विमान या कामासाठी रवाना व्हायला जुलै २०२५ उजाडला.

इंधनाचे ओझेही वाढले आहे. पाकिस्तानने २४ एप्रिल २०२५ रोजी भारतीय विमानांसाठी आपली हवाई हद्द बंद केली. त्यानंतर दिल्लीहून पश्चिमेकडे जाणाऱ्या भारतीय विमानांना वळसा घ्यावा लागला आणि अमेरिकेच्या काही उड्डाणांना इंधनासाठी व्हिएन्ना येथे थांबावे लागले.

जागेच्या हिशेबाने भाडे तिप्पट असणे समजू शकते. पाचपट का, हे मात्र त्यातून उलगडत नाही.

दुसऱ्याच्या खिशातून

बिझनेस क्लास मुळात आरामासाठी जन्माला आलेला नाही. १९७० च्या दशकात मोठी जंबो विमाने आली आणि ती भरण्यासाठी कंपन्यांनी सवलतीची तिकिटे विकण्यास प्रारंभ केला. तेव्हा पूर्ण भाडे भरणारा व्यावसायिक आणि निम्म्या भाड्यात सहलीला निघालेला पर्यटक शेजारी-शेजारी बसू लागले. व्यावसायिकांची नाराजी वाढली. त्यांना वेगळ्या कक्षात बसवावे, या विचारातून १९७८-७९ च्या सुमारास ब्रिटिश एअरवेज, पॅन अमेरिकन आणि क्वांटास या कंपन्यांनी हा मधला वर्ग सुरू केला. झोपण्याजोगा सपाट पलंग त्यात येण्यास आणखी वीस वर्षे लागली. ब्रिटिश एअरवेजने तो २००० साली आणला.

ही पार्श्वभूमी आजही भाड्यात दिसते. उद्या सकाळी लंडनच्या बैठकीला पोहोचणे ज्याला भाग आहे, तो भाडे पाहून प्रवास रद्द करीत नाही, कारण तिकिटाचे पैसे कंपनी भरते. विमान कंपन्यांना हे ठाऊक असते. १९८५ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने आगाऊ खरेदीच्या अटीवर स्वस्त तिकिटे आणि ऐनवेळी येणाऱ्यांसाठी महाग तिकिटे अशी विभागणी संगणकाच्या साह्याने काटेकोरपणे राबवली. आज सर्वच कंपन्या तसे करतात. बिझनेस क्लासमध्येही चार-पाच प्रकारची भाडी असतात. सर्वात स्वस्त तिकिटाला तारीख बदलण्याची मुभा जवळपास नसते. सर्वात महागडे तिकीट शेवटच्या घटकेला बदलता किंवा परत करता येते. आसन तेच, जेवण तेच. भाड्यातील फरक हा मोकळिकीचा असतो.

कोविडपूर्व काळातील आंतरराष्ट्रीय हवाई वाहतूक संघटनेच्या आकडेवारीनुसार, आंतरराष्ट्रीय प्रवाशांमध्ये वरच्या वर्गांतील प्रवासी जेमतेम ५ टक्के होते. प्रवासी भाड्याच्या उत्पन्नात मात्र त्यांचा वाटा सुमारे ३० टक्के होता. मागील भागातील स्वस्त तिकिटे काही अंशी या पुढील कक्षामुळेच परवडतात, हे इकॉनॉमीतील प्रवाशानेही ध्यानात घेण्यासारखे आहे.

सरकार हादेखील मोठा ग्राहक आहे. सप्टेंबर २००९ मध्ये काटकसरीचा भाग म्हणून केंद्रीय मंत्र्यांना इकॉनॉमी वर्गाने प्रवास करण्यास सांगण्यात आले. तत्कालीन परराष्ट्र राज्यमंत्री शशी थरूर यांनी त्या वर्गाला गुरांची उपमा देणारा शब्दप्रयोग ट्विटरवर केल्याने त्यावेळी बराच गदारोळ झाला होता. ऑक्टोबर २०१४ मध्ये अर्थ मंत्रालयाने अधिकाऱ्यांसाठी प्रथम वर्गाच्या विमान तिकिटांवर बंदी घातली.

कराचा बोजा कोणावर?

या वर्गावर वेगळा कर लावण्याची पद्धत भारतात वीस वर्षे जुनी आहे. १ मे २००६ पासून भारतातून निघणाऱ्या आंतरराष्ट्रीय प्रवासात इकॉनॉमी वगळता इतर वर्गांवर सेवा कर लागू झाला. इकॉनॉमीचे प्रवासी त्याच्या कक्षेत आले ते १ जुलै २०१० पासून. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला तेव्हा इकॉनॉमीसाठी ५ टक्के आणि वरच्या वर्गांसाठी १२ टक्के असे दर ठरले. सप्टेंबर २०२५ मध्ये १२ टक्क्यांचा टप्पाच रद्द झाला आणि वरचा वर्ग १८ टक्क्यांत गेला.

उदाहरणादाखल, भारतातून सुरू होणाऱ्या एकेरी प्रवासाचे करपात्र भाडे २ लाख रुपये धरले, तर पूर्वी २४ हजार रुपये कर लागत असे. आता तो ३६ हजार रुपये होतो. एवढ्या रकमेत कमी गर्दीच्या दिवसांत दिल्ली ते लंडन इकॉनॉमीचे एकेरी तिकीट मिळू शकते.

वरकरणी हा श्रीमंतांवरील कर वाटतो. प्रत्यक्षात त्याची विभागणी निराळी आहे. करासाठी नोंदणी असलेली कंपनी कामानिमित्तच्या प्रवासाचे तिकीट आपल्या नोंदणी क्रमांकावर काढते आणि भरलेला कर आपल्या करदायित्वातून वजा करून घेऊ शकते. तिच्या दृष्टीने दरवाढीचा परिणाम फारसा उरत नाही. निवृत्तीच्या पैशातून आयुष्यात एकदाच असे तिकीट काढणाऱ्या गोमतीनगर वा इंदिरानगरमधील दांपत्याला ही वजावट नाही. त्यांना संपूर्ण १८ टक्के स्वतः सोसावे लागतात. ज्या भाड्याची आखणीच कंपन्यांच्या खिशाकडे पाहून झाली आहे, ते भाडे आणि त्यावरचा कर असा दुहेरी भार घरगुती प्रवाशावर पडतो.

परदेशांतही वरच्या वर्गाकडून जास्त कर घेतला जातो. ब्रिटनमधून भारताएवढ्या अंतरावर जाणाऱ्या प्रवाशासाठी २०२५-२६ या वर्षी हवाई प्रवासी शुल्क इकॉनॉमीत ९० पौंड, तर वरच्या वर्गांत २१६ पौंड होते. फ्रान्सने १ मार्च २०२५ पासून लांब पल्ल्याच्या बिझनेस प्रवाशावरील कर १२० युरो केला. इकॉनॉमीसाठी तो ४० युरो ठेवण्यात आला.

लखनौहून थेट विमान का नाही?

लखनौला १० मार्च २०२४ रोजी नव्या टर्मिनल-३ चे उद्घाटन झाले. विमानतळाची धावपट्टी सुमारे पावणेतीन किलोमीटर लांबीची आहे आणि हज यात्रेच्या काळात सौदी अरेबियाची मोठी विमाने येथे उतरतात. तेव्हा थेट उड्डाण नसण्याचे कारण केवळ धावपट्टीत शोधून चालणार नाही. युरोपला रोज एक विमान न्यावयाचे असेल, तर मागील दोन-अडीचशे आसने भरून भागत नाही. पुढील वीस-पंचवीस आसने दररोज, दोन्ही दिशांना, चांगल्या भाड्यात भरावी लागतात. लखनौहून आखातात जाणारा प्रवासी प्रामुख्याने कामगार आणि यात्रेकरू आहे. त्याच्यासाठी लहान विमाने पुरेशी ठरतात. दुबईची फ्लायदुबई ही कंपनी भारतात प्रथम आली ती २०१० मध्ये, आणि तीही लखनौलाच. एमिरेट्सची मोठी विमाने मात्र दिल्ली-मुंबईसारख्या नऊ शहरांपुरतीच राहिली. द्विपक्षीय करारांतील आसनांची मर्यादा हेही त्यामागील एक कारण आहे.

परिणामी लखनौचा प्रवासी दोन तुकड्यांत प्रवास करतो. दिल्लीपर्यंतच्या तासाभराच्या उड्डाणात बिझनेस क्लास असलाच, तरी तेथे पलंग नसतो. जरा रुंद खुर्ची असते. काही जण म्हणून दिल्लीपर्यंत रेल्वेने जातात. ऑक्टोबर २०१९ मध्ये सुरू झालेली तेजस एक्स्प्रेस सव्वासहा तासांच्या आसपास दिल्लीला पोहोचवते. गाडी एक तासाहून अधिक उशिरा पोहोचल्यास १०० रुपये आणि दोन तासांहून अधिक उशीर झाल्यास २५० रुपये भरपाई देण्याची योजना तिच्या प्रारंभी जाहीर झाली होती. तथापि चुकलेल्या विमानाची भरपाई रेल्वे देत नाही. लखनौ ते लंडन असे एकत्रित तिकीट असेल आणि पहिले विमान उशिरा पोहोचले, तर पुढच्या विमानात बसवून देण्याची जबाबदारी विमान कंपनीची असते. दोन वेगळी तिकिटे काढली असतील, तर ती जबाबदारी प्रवाशाची. हिवाळ्यात धुक्यामुळे लखनौ आणि दिल्ली या दोन्ही ठिकाणची वाहतूक विस्कळीत होते, तेव्हा हा फरक महागात पडतो.

स्वस्ताईचे प्रयोग

संपूर्ण विमानच बिझनेस क्लासचे करून भाडे खाली आणण्याचा प्रयत्न झालेला आहे. अटलांटिक महासागरावरील मार्गांवर मॅक्सजेट, ईऑस आणि सिल्व्हरजेट या कंपन्यांनी तो केला. मॅक्सजेट डिसेंबर २००७ मध्ये, ईऑस एप्रिल २००८ मध्ये आणि सिल्व्हरजेट त्याच वर्षी मे महिन्यात बंद पडली. खनिज तेलाच्या भडकलेल्या किमती हे तात्कालिक कारण होते. मूळ अडचण अशी की, मंदी आली की कंपन्या आधी पुढच्या वर्गाची तिकिटे कापतात आणि अशा विमानाला मागचा वर्गच नसतो. फ्रान्सची ला कॉम्पानी मात्र २०१४ पासून हा प्रयोग टिकवून आहे.

भारतात इंडिगोने जुलै २०२५ मध्ये मुंबईहून मँचेस्टर व ॲम्स्टरडॅमला उड्डाणे सुरू केली, ती भाड्याने घेतलेल्या बोईंग ७८७-९ विमानांनी. त्यांत ५६ आसने रुंद, अधिक मागे झुकणारी आहेत. पण ती सपाट पलंगाची नाहीत. पलंग वगळला की जागा वाचते आणि भाडे उतरते. एअर इंडियाच्या ए३५० मधील प्रीमियम इकॉनॉमी हाही असाच मधला मार्ग आहे. करासाठी मात्र प्रीमियम इकॉनॉमीही १८ टक्क्यांतच मोडते.

ज्येष्ठ प्रवाशांच्या बाबतीत एक गैरसमज सर्रास आढळतो. चाकांच्या खुर्चीची मदत मिळण्यासाठी बिझनेस क्लासचे तिकीट आवश्यक नसते. इकॉनॉमीच्या प्रवाशालाही ती आगाऊ नोंदवता येते. सर्व तुकड्यांत वरचा वर्ग घेण्याचीही सक्ती नाही. दिल्लीपर्यंत इकॉनॉमी आणि केवळ रात्रीच्या लांब उड्डाणात बिझनेस क्लास, किंवा जाताना एक वर्ग आणि येताना दुसरा, अशी तिकिटे बहुतेक कंपन्या देतात. नोंदणी करताना विमानाचा प्रकार आणि आसनांचा आराखडा पाहून घ्यावा. नूतनीकरण पूर्ण होईपर्यंत एकाच कंपनीची जुनी आणि नवी आसने वेगवेगळ्या विमानांत राहतात आणि भाडे पुष्कळदा दोन्हींचे सारखेच असते.