कलेचा इतिहास शिकून पुढे काय?

बारावीचा निकाल लागला की घरोघरी पुढच्या शिक्षणाचा विचार सुरू होतो. इंजिनिअरिंग, डॉक्टरकी, शेतकी हे रस्ते आपल्या ओळखीचे. पण एखाद्या सभासदाची मुलगी म्हणाली, "मला कलेचा इतिहास शिकायचाय," तर बापाचा सवाल ठरलेला : "त्यानं पोट भरंल का?" सवाल रास्त आहे. म्हणून ही माहिती सभासद बंधु-भगिनींपुढे ठेवीत आहोत.

हा विषय चित्रे काढायला शिकविण्याचा नव्हे. मूर्ती, चित्र, देऊळ कुणी, कधी व कशासाठी घडविले हे पुराव्याने ठरविण्याचा आहे. उदाहरण ऊसपट्ट्यातलेच घेऊ. श्रीरामपूर तालुक्यात प्रवरेकाठी दायमाबाद येथे १९७४ साली झुडपाचे मूळ खणताना एका शेतकऱ्याला धातूच्या चार वस्तू सापडल्या : बैलांचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा. मोडीत घातल्या असत्या तर चार पैसे आले असते, एवढेच. अभ्यासकांनी त्यांची घडण व धातू तपासला. बरेच जण त्या सुमारे ४००० वर्षांपूर्वीच्या मानतात, काहींना तो काळ मान्य नाही. असा वाद पुराव्यानिशी घालता येणे, हेच हे शिक्षण.

बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात १९५० पासून ललित कला शाखा आहे. तेथे कलेतिहासाचा स्वतंत्र विभाग आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात प्राचीन इतिहास व पुरातत्त्वाचे एम.ए. करता येते. दिल्लीत १९८९ साली निघालेली राष्ट्रीय संग्रहालयाची संस्था आता नोएडात इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ हेरिटेज या नावाने चालते.

पुढे संग्रहालय, पुरातत्त्व खाते, कॉलेजातली प्राध्यापकी, जुन्या वस्तूंचे जतन, कलादालने, लिलावगृहे, पुस्तकांचे संपादन, पर्यटन अशी कामे मिळतात. जतनाच्या कामाला रसायनशास्त्र झालेला मुलगाही चालतो. मात्र गोड बोलून फसविणे आमच्याने होणार नाही. जागा थोड्या आहेत, नुसत्या पदवीवर भागत नाही. एम.ए., पुढे नेट किंवा पीएच.डी. लागते. इंग्रजी वाचता आलेच पाहिजे. संस्कृत वा मोडी येत असेल तर पारडे जड. हे पीक आडसाली आहे. सुरूची घाई इथे कामाची नाही. घरची तेवढी तयारी असेल तरच वाट धरावी.

आणि एक गोष्ट सर्वांसाठी. रानात नांगराला जुनी मूर्ती, नाणी लागली तर ती घासूनपुसून देव्हाऱ्यात ठेवू नका, सोनाराकडेही नेऊ नका. १८७८ च्या कायद्याप्रमाणे जमिनीत सापडलेल्या, दहा रुपयांहून अधिक किमतीच्या ठेव्याची लेखी खबर कलेक्टरांना द्यावी लागते. वस्तू कुठे, किती खोल मिळाली तेही लिहून ठेवा. जागा हरवली की वस्तूचा निम्मा इतिहास गेला.

मुलांचा कल पाहायचा असेल तर सुटीत त्यांना कोल्हापूरचे टाऊन हॉल संग्रहालय दाखवा. ब्रह्मपुरीत सापडलेली ग्रीक समुद्रदेवाची मूर्ती तिथे आहे. ती पंचगंगेकाठी आली कशी, असं पोरीनं विचारलं, तर तिला अडवू नका.