नगरच्या खडकात तेल का नाही?

अहिल्यानगर जिल्ह्यात मला नेहमी विचारतात, ५०० फूट बोअर घेतलं तरी तेल का लागत नाही? इथला काळा पाषाण म्हणजे थिजलेला लाव्हा. त्यात तेल व्हायला जिवांचे अवशेषच नाहीत.

हाच पाषाण मुंबईच्या समुद्रतळाखालीही आहे. लाव्हा वाहिला त्याच सुमारास, ६ ते ६.५ कोटी वर्षांपूर्वी, सेशेल्सचा तुकडा भारतापासून तुटला. किनारा ताणला गेला, खचला. खळग्यांत जैव गाळ साचला, खोल गाडला जाऊन तापला आणि त्याचं तेल झालं. ते वर सरकलं, उंचवट्यावरच्या सच्छिद्र चुनखडीत शेलच्या झाकणाखाली अडकलं. तेच बॉम्बे हाय. १९७४ साली ‘सागर सम्राट’ला सापडलेलं. गंमत म्हणजे तिथे तळच्या भेगाळ पाषाणातूनही तेल निघालं, पण शेजारच्या गाळातून मुरलेलं.