पीण्यातील लघुउद्योग आणि समाजमाध्यमांची बदलती रचना

बंगळुरूच्या वायव्येस तुमकुरू रस्त्यालगत पसरलेले पीण्या औद्योगिक क्षेत्र १९७०च्या दशकात आकाराला आले आणि आज आशियातील मोठ्या औद्योगिक वसाहतींमध्ये त्याची गणना होते. येथील हजारो कारखान्यांपैकी बहुतेक सूक्ष्म व लघु गटातील असून यंत्रभागांचे टर्निंग-मिलिंग, डाय व साचे, उष्णोपचार, विद्युतविलेपन, तयार कपडे अशी नाना कामे तेथे चालतात. यांतील पुष्कळसे काम जॉबवर्कचे, म्हणजे मोठ्या कंपनीने दिलेल्या ड्रॉइंगनुसार भाग तयार करून देण्याचे असते. अशा कारखान्यांकडे पूर्वी मुख्यतः ओळखीपाळखीतून येणारे गिऱ्हाईक आता व्हॉट्सॲप, लिंक्डइन किंवा गूगलच्या नकाशावरील नोंद या वाटांनीही येते. मात्र या वाटा ज्यांच्या मालकीच्या आहेत त्या कंपन्या आपले नियम व रचना सतत बदलत असतात.

हे बदल एका जातीचे नसतात. पहिला प्रकार क्रमवारीचा. वापरकर्त्याच्या पडद्यावर कोणता मजकूर आधी दिसावा हे ठरवणाऱ्या गणिती नियमावलीला अल्गोरिदम म्हणतात. फेसबुकने जानेवारी २०१८ मध्ये ही नियमावली बदलून व्यवसायांच्या मजकुरापेक्षा मित्र व कुटुंबीयांच्या मजकुराला अग्रक्रम देण्याचे जाहीर केले, आणि केवळ विनामूल्य पानावर विसंबून असलेल्या उद्योगांचा प्रसिद्धीचा मार्ग अरुंद झाला.

दुसरा प्रकार अधिक तांत्रिक आहे. कारखान्याचे संकेतस्थळ एखाद्या माध्यमाशी जोडायचे असेल, तर दोन्ही प्रणालींनी कोणती माहिती कोणत्या स्वरूपात मागायची व द्यायची हे आधी ठरलेले असावे लागते. या ठरलेल्या दुव्याला एपीआय म्हणतात. फेसबुक व इन्स्टाग्राम चालवणारी मेटा कंपनी या दुव्यांच्या क्रमांकित आवृत्त्या काढते आणि ठरावीक मुदतीनंतर जुन्या आवृत्त्या बंद करते. इन्स्टाग्रामच्या वैयक्तिक खात्यातील छायाचित्रे संकेतस्थळावर आणणारा असाच एक दुवा ४ डिसेंबर २०२४ रोजी कायमचा बंद झाला.

तिसरा प्रकार दरांचा. व्हॉट्सॲपचे लहान व्यावसायिकांसाठी असलेले मोफत ॲप वेगळे आणि मोठ्या प्रमाणावर स्वयंचलित संदेश पाठवण्याची सशुल्क सेवा वेगळी. या सेवेत पूर्वी २४ तासांच्या संभाषणावर आकारणी होत असे. १ जुलै २०२५ पासून ती पोहोचलेल्या साचेबद्ध संदेशांवर होऊ लागली, तर ग्राहकाने विचारणा केल्यापासून २४ तासांच्या आत दिलेले साधे उत्तर विनाशुल्क राहिले. तत्परतेने उत्तर देणाऱ्या कारखान्याला या रचनेत उघड लाभ आहे. चौथा प्रकार सेवाच बंद होण्याचा. गूगलने व्यवसायनोंदीसोबत मोफत बनवू दिलेली संकेतस्थळे मार्च २०२४ मध्ये बंद केली, आणि ज्यांच्या माहितीपत्रकावर अशा संकेतस्थळाचा पत्ता छापलेला होता, त्यांच्यासाठी तो काही महिन्यांत निरुपयोगी ठरला.

अशा बदलांशी जुळवून घेण्याचा प्रश्न वाटतो तितका कारखानदाराला परका नाही, कारण बदल हाताळण्याची शिस्त त्याच्या कामात आधीपासून आहे. ड्रॉइंगच्या कोपऱ्यातील चौकटीत रिव्हिजनचा क्रमांक असतो. एखादे माप किंवा टॉलरन्स, म्हणजे मापातील चालण्याजोगा फरक, बदलला की नवे रिव्हिजन येते, जुनी प्रत यंत्रापासून हटवली जाते, सीएनसी, म्हणजे संगणकनियंत्रित, यंत्राचा प्रोग्रॅम दुरुस्त होतो आणि पहिला नग मोजून पसंत पडल्यावरच पुढचे उत्पादन सुरू होते. हीच रीत माध्यमांनाही लागू पडते. कोणते खाते कोणाच्या मोबाइल क्रमांकावर नोंदलेले आहे, कोणती सेवा कोणत्या दुव्याने जोडली आहे आणि त्याची मुदत केव्हा संपते, यांची एक नोंदवही असावी, तिची जबाबदारी एका ठरावीक व्यक्तीवर असावी आणि नव्या नियमाचा प्रयोग आधी अल्प खर्चात करून पाहावा.

एक फरक मात्र ध्यानात ठेवला पाहिजे. जुन्या ड्रॉइंगवर बनलेला नग तपासणीत नापास होतो आणि चूक उघडकीस येते. तुटलेल्या दुव्यामुळे न पोहोचलेली चौकशी कोणाच्याच नजरेस पडत नाही. त्यामुळे दरमहा एकदा बाहेरच्या फोनवरून अनोळखी गिऱ्हाइकाप्रमाणे चौकशी पाठवून ती योग्य माणसापर्यंत पोहोचते का हे तपासणे अगत्याचे आहे. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक, इन्स्टाग्राम व व्हॉट्सॲप सुमारे सहा तास एकाच वेळी बंद होते, हे लक्षात घेता स्वतःच्या नावाने घेतलेला संकेतस्थळाचा पत्ता, ईमेल आणि ग्राहकांची यादी कारखान्याच्याच ताब्यात असणेही तितकेच आवश्यक ठरते.

लहान कारखान्यात संगणकाचा स्वतंत्र विभाग नसतो, ही अडचण खरी आहे. तिचे उत्तर पीण्याच्या कार्यपद्धतीतच सापडते. उष्णोपचारासाठी येथील प्रत्येक कारखाना स्वतःची भट्टी उभारत नाही, तो आपला माल त्या कामातील जाणकाराकडे धाडतो. तसेच पाच-दहा कारखान्यांनी मिळून माध्यमांचा एक जाणकार नेमावा, किंवा उद्योजकांच्या संघटनेने बदलांची माहिती सभासदांना कन्नड व इंग्रजीत वेळेवर पुरवावी. परंतु माल बाहेर गेला तरी ड्रॉइंग आणि अखेरच्या मोजमापाची जबाबदारी जशी कारखान्याचीच राहते, तशीच खात्यांची मालकी आणि पासवर्डही कारखान्याच्याच हाती राहिले पाहिजेत.