शिवराईवरील दुहेरी अक्षरे

१६७४ च्या राज्याभिषेकाच्या सुमारास सुरू झालेली तांब्याची शिवराई पुढे साताऱ्याच्या छत्रपतींच्या आणि पेशव्यांच्या काळातही पाडली जात राहिली, त्यामुळे सातारा-सांगली परिसरातील नाणेसंग्राहकाला तिची ओळख करून द्यावी लागत नाही. तिच्या एका बाजूस ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’ असे लिहिलेले असते. काही नाण्यांवर मात्र ‘राजा’चा काना दोनदा उमटलेला किंवा एका ‘छत्र’वर दुसरे किंचित तिरपे बसलेले दिसते, पण अशा नाण्याला ‘डबल डाय’ म्हणणे चूक आहे.

‘डबल डाय’ हा यंत्राच्या टांकसाळीतील दोष होय. तेथे उठावाचा पोलादी साचा मऊ पोलादावर दाबून ठसा, म्हणजे नाण्यावर आकृती उमटवणारे साधन, तयार करीत आणि आकृती पुरेशी खोल उतरली नाही तर पुन्हा दाबीत. या दोन दाबांत जरासा कोन चुकला की अक्षरे ठशातच दुहेरी होत आणि त्या ठशाच्या प्रत्येक नाण्यावर तशीच येत. फिलाडेल्फियाचा १९५५ चा अमेरिकी सेंट याच कारणाने प्रसिद्ध आहे.

शिवराईचा ठसा कारागीर हाताने कोरीत असे. खालचा ठसा पक्का बसवलेला, वरचा हातात धरलेला, मध्ये तांब्याची चकती आणि वरून घणाचा घाव, अशी ती पद्धत होती. अक्षरे नीट उठली नाहीत तर दुसरा घाव पडे. दोन घावांच्या दरम्यान केवळ वरचा ठसा सरकला तर एकच बाजू दुहेरी होते, चकती सरकली तर दोन्ही बाजू होतात, आणि म्हणून नाणे उलटून पाहणे ही पहिली परीक्षा ठरते. भिंगाखाली पहिल्या घावाची अक्षरे दबून चपटी झालेली आणि दुसऱ्या घावाची त्यांवर ठळक उठलेली दिसतात. चकती बहुधा ठशापेक्षा लहान असल्याने अक्षरे अर्धवटच येतात. अशा वेळी कडेची ठिपक्यांची माळ दोन जागी दिसते का, हे पाहावे.

आधुनिक नाण्यावर अक्षराशेजारी सपाट पायरीसारखी कड दिसली, तर तो घावाच्या क्षणी सैल ठसा हलल्याचा परिणाम असतो आणि त्याला विशेष मोल नसते. उत्तरकालीन ‘दुदांडी’ शिवराईवरील दोन आडव्या रेषा मात्र मुद्दाम कोरलेल्या असल्याने त्यांची गणना या दोषात करता येत नाही.